साडूभाऊंचं नाक

आमच्या चष्मेवाल्याच्या बायकोची त्याच्याबद्दल एकच तक्रार आहे आणि ती लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून चालू आहे. "ह्यांना कुणाचं बरं झालेलं बघवत नाही." मी त्याला तीस वर्षं ओळखतो, म्हणून सांगतो, बाई थोडा अन्याय करतात. परक्याचं बरं झालेलं त्याला झकास बघवतं. समोरच्या दुकानदाराने गाडी घेतली तेव्हा हा स्वतः फुगे लावायला गेला होता. घरातल्या माणसाचं मात्र नाही बघवत. आणि साडूइतका घरातला, तरीही ज्याच्याशी रक्ताचं काही देणंघेणं नाही, असा माणूस दुसरा कोण असतो? साडू हे नातंच देवाने तुलना करण्यासाठी निर्माण केलेलं आहे. दोन सख्ख्या बहिणी, दोन नवरे. कुणाला जास्त केस, कुणाचं घर मोठं, कुणाच्या सासूने कुणाला आधी वाढलं, सगळं आयतं शेजारी शेजारी मांडलेलं.

चष्मेवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबोडका बोळ. दोन्ही बाजूंना आरसे, त्यामुळे आत एक गिऱ्हाईक आलं की सोळा आल्यासारखी वाटतात. शेवटच्या भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. हा दिवसभर काच पुसत उभा असतो आणि बोलता बोलता तुमच्या नाकावरची चष्म्याची खूण बघून तुमचा नंबर सांगतो. पण त्याचा खरा मान तिथे नव्हता. तो होता महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी तीन वाजता, दातांचा दवाखाना चालवणाऱ्या दातवाल्या बाईंच्या जेवणाच्या टेबलावर.

तिथे आमचं मंडळ बसतं. सिंगल माल्ट स्कॉच चाखायची आणि तिला शंभरपैकी गुण द्यायचे, एवढाच उद्योग. प्यायला जमतो असं समजू नका. चार ग्लास, प्रत्येकात दोन घोट, आणि त्यावर अडीच तास वाद. त्यापेक्षा जास्त तर आमचा घड्याळजी खोकल्याच्या औषधातून घेतो. दातवाल्या बाई स्वतः थेंबभर घेत नाहीत, म्हणून ओतायचं काम त्यांच्याकडे. बाटल्या त्या नवऱ्याच्या काळ्या पायमोज्यांत घालून आणतात, म्हणजे नाव दिसत नाही आणि कुणी किमतीला भुलत नाही. मोजे धुतलेले असतात, असं त्या दरवेळी शपथेवर सांगतात. टेबलावर पांढरी चादर, प्रत्येकापुढे नंबर लिहिलेले चार ग्लास, पाण्याची बाटली, थेंब टाकायला ड्रॉपर आणि बेचव बिस्किटं. अत्तर, सुगंधी साबण, सिगारेट, केसांचं तेल, सगळ्याला बंदी. बाई दारात उभ्या राहून प्रत्येकाच्या खांद्याशी नाक नेतात आणि मगच आत सोडतात. आमच्यातल्या मास्तरांना एकदा दाढीच्या लोशनपायी परत पाठवलं होतं.

प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर वास, चव आणि गुण लिहायचे, कुणाशी बोलायचं नाही. मग बाई नावं न सांगता चिठ्ठ्या मोठ्याने वाचतात. त्यावर वाद. आणि शेवटी मंडळाच्या वहीत एकच गुण, एकच वर्णन लिहिलं जातं. ते ठरवतो वहीवाला. वर्षातून एकदा हात वर करून वहीवाला निवडायचा, आणि अकरा वर्षं आमचे हात चष्मेवाल्यासाठीच वर गेले होते. मंडळात त्याला नाकेश्वर म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि त्याला आवडायचं.

नाकेश्वराची ऐट बघण्यासारखी होती. ग्लास तिरका धरायचा, डोळे मिटायचे, एक नाकपुडी, मग दुसरी. मग खोल आवाजात, "हेदरचा मध. दूरवर समुद्र. शेवटी ओकचं लाकूड." हेदर हे स्कॉटलंडच्या डोंगरावरचं जांभळं फूल. त्याने जन्मात पाहिलेलं नाही, आम्हीही नाही, त्यामुळे हरकत घेणार कोण? मी एकदा विचारलं होतं, "हेदर नसेल आणि दुसरंच एखादं फूल असेल तर?" तो म्हणाला, "तुम्हाला कळणार नाही." हे मात्र खरं होतं.

आता ऐका, साडू मंडळात आला कसा. आणला कुणी? ह्यानेच! स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्कूटरवर बसवून.

साडू म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा. गेल्या वर्षी घर बदलून इकडे राहायला आला आणि चौकात लॉन्ड्री टाकली. गोल चेहरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोलणं कमी. चष्मेवाल्याच्या दृष्टीने अगदी हवा तसा साडू: इस्त्रीवाला. ह्याला वाटलं, एकदा नेऊन दाखवावं की आपल्याला लोक काय मानतात. घरी जाऊन बायकोला सांगेल, बायको बहिणीला सांगेल, आणि बहीण म्हणजे आपली बायको. असा तो लांबचा हिशेब होता.

त्या रविवारी लॉन्ड्रीवाला टेबलाच्या कडेला पाहुण्यासारखा बसला. पाहुण्याला चिठ्ठीचं बंधन नसतं, तोंडी बोललं तरी चालतं. दुसरा ग्लास हुंगला आणि बाईंना विचारलं, "खरं सांगितलं तर चालेल ना?"

"खरंच सांगायचं असतं इथे."

"वसतिगृहातल्या जुन्या ब्लँकेटचा वास येतोय. सुट्टीत घडी घालून ट्रंकेत ठेवलेलं. धुतलेलं आहे, पण वाळायच्या आधी घडी घातली."

आम्ही खो खो हसलो. सगळ्यात मोठ्याने चष्मेवाला हसला. मग घड्याळजीने सहज म्हणून ग्लास नाकाला लावला आणि त्याचं हसू थांबलं. मास्तरांनी लावला. मी लावला. अहो, ट्रंकेचं कुलूपसुद्धा दिसलं मला!

"अगदी!" बाई नुसत्या बुचाचा वास घेऊन म्हणाल्या. "वाळायच्या आधी घडी. अगदी तेच!"

चष्मेवाल्याने सावकाश डोळे मिटले. एक नाकपुडी, मग दुसरी. "मला हेदर येतोय," तो म्हणाला. पण कुणी लिहून घेतलं नाही.

नंतर कळलं की ह्यात जादू काहीच नव्हती. हा माणूस पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे हुंगतो आहे. डाग कशाचा ते वासावरून ओळखायचं, मग त्याला पेट्रोल लावायचं की व्हिनेगर ते ठरवायचं. शाई, गंज, रस्सा, अश्रू, सगळं त्याच्या नाकाखालून गेलेलं. "अश्रूंना वास असतो?" मास्तरांनी विचारलं होतं. "उशीच्या अभ्र्याला असतो," तो म्हणाला. मास्तर त्या दिवसापासून त्याचे भक्त झाले.

तिथून चष्मेवाल्याचं जे काही सुरू झालं, ते मी रोज बघत होतो, कारण संध्याकाळी मी त्याच्याच दुकानात बसतो. आधी त्याने कुत्सितपणा करून बघितला. "आमचे साडूभाऊ कॉलर हुंगून स्कॉटलंडच्या आयला बेटावरची दारू ओळखतात!" मग त्याने अभ्यास वाढवला. दुकानात काचेच्या बाटल्यांत लवंग, चामड्याचा तुकडा, ओलं लाकूड, जळकी दोरी ठेवून डोळ्यांना पट्टी बांधून हुंगायला लागला. एक बाई चष्मा न्यायला आल्या, आरशात डोळे बांधलेले सोळा चष्मेवाले दोरी हुंगताना दिसले. त्या चष्मा न घेताच गेल्या. पण दर पहिल्या रविवारी तेच. चिठ्ठ्या वाचल्या जायच्या आणि लॉन्ड्रीवाल्याची चिठ्ठी आली की टेबल हुंकार भरायचं. ह्याची आली की मास्तर बिस्किट घ्यायचे.

घरी तर विचारूच नका. बायको साधी, तिने एकदा भाजी निवडता निवडता म्हटलं, "धाकटीचा नवरा हुशार निघाला हो! ती सांगत होती, सगळे त्याचं ऐकतात म्हणे."

"कोण सगळे?"

"तुमच्यातलेच."

दोन दिवस जेवला नाही. म्हणजे घरी जेवला नाही. माझ्याकडे जेवला.

आणि वहीवाल्याच्या निवडीचा रविवार जवळ आला. मास्तर उघड बोलायला लागले होते की यंदा नवं नाक हवं. चष्मेवाला मला म्हणाला, "वही गेली तर मी येणंच बंद करीन. अकरा वर्षं माझं अक्षर आहे त्यात. त्याच्या खाली तो कॉलरी आणि ब्लँकेटं लिहिणार?" त्याचा आवाज खरोखर कापला. मी थट्टा करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. फार वेळ नाही मिटलं, पण मिटलं.

त्याने काय केलं, ते मला त्यानेच नंतर सांगितलं. ऐकून मी खुर्चीवरून पडायचा राहिलो.

निवडीचा रविवार म्हणून दोघी बहिणीही आल्या होत्या आणि शेजारच्या खोलीत चहाला बसल्या होत्या. त्या रविवारी तो दारात स्वच्छ येऊन उभा राहिला. बाईंनी खांदा हुंगला, आत सोडलं. सव्वातीनला हात धुवायच्या निमित्ताने तो न्हाणीघरात गेला. खिशात गुडघ्याला चोळायच्या बामची ट्यूब. डाव्या पायाची विजार वर केली, अर्धी ट्यूब डाव्या गुडघ्यावर चोपडली, विजार खाली सोडली आणि येऊन बसला. डावीकडे कोण? साडूभाऊ. हिशेब असा की गुडघा टेबलाखाली, वास हळूहळू वर जाणार, शेजारच्याचं नाक बधिर होणार, आणि हा आपला उजवीकडे तोंड करून आरामात हुंगणार.

हिशेब उत्तम होता. फक्त बाम चोळला कशाने? उजव्या हाताच्या बोटांनी. बोटं पाण्याखाली धुतली, पण बाम कधी नुसत्या पाण्याने गेलाय? आणि ग्लास धरायचा कुठल्या हाताने? तोच हात, तीच बोटं, थेट नाकाखाली. पहिला ग्लास उचलला आणि ह्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. दारू राहिली बाजूला, त्याला कवटीच्या आतपर्यंत गार वारा लागला. दुसरा ग्लास, तेच. चारही ग्लासांत बाम, बाम आणि बाम. चिठ्ठी कोरी. शेजारी लॉन्ड्रीवाला मात्र शांतपणे हुंगतोय, लिहितोय.

आणि चष्मेवाल्याने ते केलं जे चष्मेवालाच करू शकतो. मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून, त्याने साडूची चिठ्ठी वाचली. तक्त्यातली शेवटची ओळ वाचणारी नजर ती! गुण एकेकाने कमीजास्त केले, शब्द जरा उलटेपालटे केले आणि उतरवून काढलं. चिठ्ठीच्या तळाशी साडूने पंजा ठेवला होता, त्याखालचं तेवढं दिसलं नाही. ह्याने मनाशी म्हटलं, सही असेल.

बाईंनी चिठ्ठ्या गोळा केल्या, चष्मा लावला, वाचायला लागल्या.

पहिली चिठ्ठी, अक्षरावरून मास्तरांची. "तिसऱ्या ग्लासात नीलगिरीचं जंगल! चौथ्यात पुदिना, आणि बर्फावरून येणारा वारा. असा माल्ट आयुष्यात चाखला नाही. चौऱ्याण्णव."

दुसरी घड्याळजीची. "सगळ्यांत थोडा कापूर. नाक मोकळं झालं. सर्दीवर उत्तम."

माझ्या चिठ्ठीत काय होतं ते कशाला सांगू? तिच्यातही एक नीलगिरीचं झाड होतं.

मग चष्मेवाल्याची. "एक: चामड्याची नवी पेटी, एकोणऐंशी. दोन: टॉवेलात राहिलेला साबण, सत्तर. तीन: भिजलेला लोकरी कोट, शेगडीपाशी सुकवलेला, पंच्याऐंशी. चार: बदाम, लोखंड, एकोणऐंशी." नीलगिरीचं नाव नाही. टेबल चकित झालं. बाईंनी मान डोलावली. "हे कोणी लिहिलंय त्याने फार बारीक हुंगलंय."

चष्मेवाल्याची छाती दोन बोटं वर आली.

शेवटची चिठ्ठी. "एक: नव्या बुटांची पेटी, अठ्ठ्याहत्तर. दोन: साबण नीट न निघालेला टॉवेल, एकाहत्तर. तीन: पावसात भिजलेला लोकरी कोट, शेगडीपाशी वाळवलेला, चौऱ्याऐंशी. चार: भाजलेला बदाम आणि लोखंडी खिळा, ऐंशी."

"अरे वा!" घड्याळजी ओरडला. "दोन साडू आणि नाक एकच!"

"थांबा, खाली अजून आहे," बाई म्हणाल्या, आणि त्याच आवाजात वाचून गेल्या, "ताजा कलम. बामाचे गुण धरलेले नाहीत. तो ग्लासात नसून माझ्या शेजारच्या गुडघ्यावर आहे."

शेजारच्या खोलीत दोघी बहिणींचे कप वाजायचे थांबले. मास्तर आपल्या नीलगिरीच्या जंगलाकडे बघत बसले. मग सगळ्यांच्या नजरा टेबलाखाली.

"कुणाचा गुडघा?" बाईंनी विचारलं.

"माझा," चष्मेवाला म्हणाला. "दुखतोय."

"दारात तर वास नव्हता."

"आत आल्यावर दुखायला लागला."

तेवढ्यात त्याची बायको दारात. नवऱ्याचं दुखणं म्हटल्यावर राहवणार कसं? "गुडघा? अहो, सकाळी तर पाण्याची टाकी धुवायला गच्चीवर चढलात! कधीपासून दुखतोय? सांगितलं का नाहीत?" आणि सगळ्यांसमोर वाकून विजार वर करायला लागली. तो बामाचा थर बघून म्हणाली, "अगं बाई, अर्धी ट्यूब! पोळीला तूप लावताना तर हात आखडता!"

मास्तरांना इतका वेळ प्रश्न पडला होता तो त्यांनी आता विचारला. "पण मग ह्यांना बामच्या आरपार लोकरी कोट आला कसा?"

सगळ्यांनी दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या, दोन खुर्च्यांमधलं अंतर पाहिलं. चष्मेवाल्याने खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. तो चष्मा लावत नाही. घड्याळजीचा होता.

"साडूभाऊंना येतो आरपार," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "मला नाही का येत? माझ्याकडे सतत पेट्रोल नि डांबरगोळ्या असतात, त्यातून हुंगायची सवय लागते. त्यांच्याकडे काचा पुसायचं स्पिरिट असतंच की."

त्याने वाचवलं हो! सरळ वाचवलं. आणि चष्मेवाल्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं की साडूने मुस्काटात मारली असती तर परवडलं असतं.

मग वहीची निवड. चार हात वर गेले, माझ्यासकट, चारही लॉन्ड्रीवाल्यासाठी. चष्मेवाल्याने स्वतःच वही उचलली आणि साडूपुढे सरकवली. सरकवताना बोटं जरा रेंगाळली.

लॉन्ड्रीवाल्याने वही उघडली, अकरा वर्षांची पानं चाळली आणि हात बाह्यांना पुसले. "मला लिहायचा कंटाळा आहे," तो म्हणाला. "आणि माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. हे बघा, मोती आहेत मोती. मी सांगत जाईन, साडूभाऊ लिहीत जातील."

"मी कारकून आहे का?" चष्मेवाला फुत्कारला.

"मग राहू दे. बाई, वही बंदच करा."

"द्या इकडे!" म्हणून ह्याने वही ओढून घेतली.

तेव्हापासून असं चालतं. पहिल्या रविवारी साडू हुंगतो आणि सांगतो, आणि नाकेश्वर दात आवळून, सुरेख अक्षरात लिहितो, 'ओल्या छत्रीची मूठ', 'रबरी नळी उन्हात तापलेली'. बायको म्हणते, "निदान शेजारी बसायला तरी मिळतं." तो तिच्याशी त्या रात्री बोलत नाही. साडूच्या गुणांतून कधीमधी एखादा गुण वहीत कमी पडलेला असतो, ते बाईंच्या लक्षात आलंय. त्या तो तसाच राहू देतात. माणसाला काहीतरी हवंच ना!

गेल्या महिन्याच्या बैठकीला मात्र लॉन्ड्रीवाला आला तो नाकाला रुमाल लावून. डोळे लाल, आवाज घोगरा. "मला आज काही येत नाहीये. साडूभाऊ, तुम्हीच सांगा."

सगळ्यांनी चष्मेवाल्याकडे बघितलं. त्याने ग्लास उचलला. ऐट नाही, नाकपुड्यांची कवायत नाही. बराच वेळ नाक ग्लासात. हेदर कुठल्याही क्षणी येणार म्हणून मास्तरांनी बिस्किट हातात घेऊन ठेवलं होतं.

"चष्म्याची डबी," तो हळूच म्हणाला. "नवी कोरी. आत मखमल असते, आणि ती चिकटवायला गोंद. पहिल्यांदा उघडल्यावर येतो तो." आणि जरा घाबरून, "शहाऐंशी."

आम्ही हुंगलं. सगळ्यांच्या खिशात त्याच्याच दुकानातल्या डब्या होत्या, खात्री करायला लांब जावं लागलं नाही. मास्तरांनी बिस्किट खाली ठेवलं. बाई म्हणाल्या, "लिहा."

रुमालाआडून साडू म्हणाला, "मी पंच्याऐंशी दिले असते."

"तुम्हाला सर्दी आहे!" चष्मेवाला कडाडला, आणि शहाऐंशीचा आकडा असा काही कोरला की मागच्या पानावर उमटला.

त्यानंतरचा सगळा आठवडा तो रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी साडूच्या घरी फोन करत होता. मेहुणी भारावून बहिणीला सांगत होती, "ताई, भाऊजींचा किती जीव आहे गं ह्यांच्यावर! रोज विचारतात, नाक अजून बंद आहे ना? आणि मी डॉक्टरकडे नेते म्हटलं तर म्हणाले, मुळीच नको, औषधाने सर्दी आतल्या आत दबते. पुढच्या बैठकीपर्यंत निवांत वाहू दे म्हणाले."